न्यायालय आणि सरकारी कार्यालये एकाच इमारतीत : जागेचा तक्ता नेमका कशावरून मांडावा?

आरेखनमेज (प्रश्न)

नमस्कार. आमच्या लहानशा गटाकडे एका संयुक्त इमारतीच्या जागेचा तक्ता तयार करण्याचे काम आले आहे. इमारतीत सहा न्यायाधीशांचे न्यायालय आणि तीन सरकारी खात्यांची कार्यालये असतील आणि निदान पुढील वीस वर्षांची गरज तिने भागवावी, अशी अपेक्षा आहे. आम्ही आतापर्यंत जे केले ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक विभागाला सध्या असलेल्या खोल्यांची यादी मागितली, मापे तपासली आणि विभागप्रमुखांनी सांगितलेली वाढ त्यात मिळवली. त्यावरून न्यायालयासाठी 4,000 आणि कार्यालयांसाठी 2,000 चौरस मीटर निव्वळ जागा निघाली. मार्गिका, जिने आणि भिंतींसाठी त्यावर 25 टक्के धरून आम्ही 7,500 चौरस मीटर हा आकडा लिहिला आहे.

हा आकडा मलाच पटत नाही, परंतु त्यात काय चुकले आहे हे बोट ठेवून सांगता येत नाही. विभागप्रमुखांनी दिलेल्या याद्या म्हणजे त्यांच्या आजच्या तक्रारींची यादी आहे, असे वारंवार वाटते. ज्याची खोली आज अरुंद आहे त्याने दुप्पट मागितली. ज्याच्याकडे मोठी आहे त्याने ती जशीच्या तशी लिहून दिली. सार्वजनिक प्रतीक्षेची जागा मात्र एकाही यादीत नाही, कारण ती कोणाच्याच विभागात मोडत नाही. न्यायकक्षांची संख्या न्यायाधीशांच्या संख्येइतकीच धरावी का, हाही प्रश्न आहे. ज्यांनी अशा इमारती आखल्या आहेत किंवा त्यांत अनेक वर्षे काम केले आहे, त्यांच्याकडून सुरुवात कुठून करावी हे समजून घ्यायचे आहे.

निवृत्त अधीक्षक

मी 35 वर्षे न्यायालयाच्या कार्यालयात काढली. वास्तुशास्त्र मला कळत नाही, पण गर्दी कळते, आणि आपल्या यादीत जी जागा नाही तिच्याबद्दलच मला बोलायचे आहे.

न्यायालयाच्या इमारतीत सर्वांत जास्त माणसे न्यायकक्षात नसतात. ती न्यायकक्षाच्या दाराबाहेर असतात. आपल्या सहा न्यायकक्षांपैकी प्रत्येकाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत, दिवसाला 60 प्रकरणे आणि प्रत्येक प्रकरणामागे सरासरी तीन माणसे धरली, तर दिवसाला 1,080 माणसे होतात. या सर्वांना सकाळी एकाच वेळी हजर राहण्यास सांगितले, तर पुकारा सुरू होतो त्या क्षणी जवळजवळ सगळीच इमारतीत असतात. दर माणशी उभे राहण्यास आणि बसण्यास मिळून सरासरी 1.2 चौरस मीटर धरले, तरी सुमारे 1,300 चौरस मीटर केवळ वाट पाहण्यासाठी लागतात. आपल्या निव्वळ 4,000 मध्ये ते कुठे आहेत, हे शोधून पाहा.

आता हीच प्रकरणे पाच तासांत विभागून दिली, म्हणजे तासाला 216 माणसे येतील असे ठरवले, आणि प्रत्येक जण सरासरी दीड तास थांबतो असे मानले, तर कोणत्याही क्षणी इमारतीत 324 माणसे असतील. हे गणित माझे नाही. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगांचा साधा नियम आहे : येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ म्हणजे आत असलेली माणसे. जागा 390 चौरस मीटरवर आली. प्रत्यक्षात वेळा कधीच काटेकोरपणे पाळल्या जात नाहीत, एखादी उलटतपासणी लांबते आणि मागचे सगळे खोळंबते, म्हणून मी यावर पन्नास टक्के वाढ धरीन. तरीही ती 600 च्या आत राहते. सांगायचे असे की, प्रतीक्षेच्या जागेचा आकार वास्तुविशारद ठरवत नाही, तर बोर्ड लावणारा कारकून ठरवतो. म्हणून तक्ता भरण्यापूर्वी सुनावण्यांच्या वेळा कशा दिल्या जाणार आहेत, हे न्यायालयाकडून लेखी घ्या.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाच्या पलीकडची आहे. मी सर्वांत जास्त काळ ज्या इमारतीत काम केले तिथे एका न्यायकक्षाबाहेर एकच लांब बाक होता. एका फौजदारी खटल्यातली साक्षीदार बाई त्याच्या एका टोकाला बसली होती आणि आरोपीचे दोन भाऊ दुसऱ्या टोकाला. कोणी कोणाशी एक शब्द बोलले नाही. दीड तासाने तिचा पुकारा झाला, तेव्हा तिला काहीच आठवत नव्हते. तो बाक दोन ठिकाणी असता तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. परंतु तेव्हापासून न्यायालयाचा कोणताही नकाशा हातात आला की साक्षीदारांची खोली कुठे आहे, तिचे दार कोणत्या मार्गिकेत उघडते आणि तिच्यासाठी स्वच्छतागृह वेगळे आहे की नाही, हे मी आधी पाहतो. स्वच्छतागृह लिहिले कारण बहुतेक नकाशांत खोली वेगळी असते आणि स्वच्छतागृह मात्र सर्वांचे एकच असते, त्यामुळे गाठ व्हायची ती तिथे होतेच.

दुरेघी

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यातल्या बाकाच्या गोष्टीतच आपल्या 25 टक्क्यांच्या चुकीचे उत्तर दडलेले आहे.

साध्या कार्यालयाच्या इमारतीत माणसांचा एकच रस्ता असतो. न्यायालयाच्या इमारतीत तीन असतात आणि ते एकमेकांना कुठेही छेदता कामा नयेत : पक्षकार, वकील आणि जनतेचा एक, न्यायाधीश आणि न्यायालयीन कर्मचाऱ्यांचा दुसरा, कोठडीतून आणल्या जाणाऱ्या बंद्यांचा तिसरा. हे तिन्ही रस्ते फक्त न्यायकक्षात एकत्र येतात आणि तिथेही तीन वेगवेगळ्या दारांनी. याचा अर्थ तीन प्रवेश, तीन प्रकारच्या लिफ्ट आणि प्रत्येक न्यायकक्षाच्या मजल्यावर तीन मार्गिका. ही जागा कोणत्याच खोलीच्या नावावर नसते, म्हणून ती यादीत येत नाही आणि नंतर टक्केवारीत कोंबली जाते.

मी हिशोब दोन पायऱ्यांत करतो. पहिली पायरी विभागाच्या आतल्या फिरण्याच्या जागेची : निव्वळ जागेला 1.3 ने गुणावे. आपले न्यायालयाचे 4,000 चौरस मीटर 5,200 झाले आणि कार्यालयांचे 2,000 झाले 2,600. दुसरी पायरी संपूर्ण इमारतीची, म्हणजे सार्वजनिक मार्गिका, जिने, लिफ्ट, यंत्रखोल्या, स्वच्छतागृहे आणि भिंतींची जाडी. अमेरिकेतील संघीय न्यायालय-इमारतींसाठी एकूण बांधीव क्षेत्रापैकी 67 टक्के वापरण्याजोगे असावे, असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. ते उद्दिष्ट आहे. अनेक इमारतींना तेही साधत नाही. त्या हिशोबाने 5,200 चे सुमारे 7,760 होतात. कार्यालयांच्या भागाला 75 टक्के धरले तर 2,600 चे 3,470 होतात. बेरीज सुमारे 11,200 चौरस मीटर. आपले 7,500 पहिली पायरी संपण्यापूर्वीच, म्हणजे 7,800 च्या आतच, संपून गेले. हा फरक नंतर कुठून तरी भरून काढावा लागतो, आणि अनुभव असा की तो नेहमी प्रतीक्षेच्या जागेतून आणि बंद्यांच्या मार्गातून भरून काढला जातो. मग बेड्या घातलेला माणूस सार्वजनिक मार्गिकेतून नेला जातो आणि नव्या इमारतीत पहिल्याच महिन्यापासून पोलीस गर्दीला बाजूला सारत उभे राहतात.

आता उंचीबद्दल. तक्त्यात क्षेत्रफळ असते, उंची नसते, आणि संयुक्त इमारतीत खरी अडचण तिथेच येते. मोठ्या न्यायकक्षाच्या छताची उंची 4.5 ते 5 मीटर लागते. वरच्या वातानुकूलनासह मजल्यापासून मजल्यापर्यंत सुमारे 6 मीटर होतात. कार्यालयाला 4 मीटर पुरतात. शिवाय न्यायकक्षात मधे खांब चालत नाही, कारण खांबाआड साक्षीदार दिसेनासा होतो. म्हणजे बारा मीटरच्या आसपास मोकळे अंतर लागते, तर कार्यालये आणि वाहनतळ आठ-नऊ मीटरच्या खांबांवर सुखाने बसतात. दोन्ही गोष्टी एकाच मजल्यावर मिसळल्या की एकतर कार्यालयांना विनाकारण उंच छत मिळते, नाहीतर न्यायकक्षाच्या डोक्यावर तुळई येते. यावर एक जुना तोडगा आहे : न्यायकक्षांचे दोन मजले म्हणजे 12 मीटर आणि कार्यालयांचे तीन मजलेही 12 मीटर. दोन्ही भाग शेजारी उभे केले, तर दर 12 मीटरवर मजले जुळतात आणि न्यायाधीशांची दालने, लिपिकांची कार्यालये तीन मजली बाजूला जातात. दुसरा मार्ग म्हणजे न्यायकक्ष खाली आणि कार्यालये वर. पॅरिसमध्ये 2018 साली सुरू झालेल्या, रेन्झो पियानो यांनी आखलेल्या न्यायालयाच्या इमारतीत 90 न्यायकक्ष खालच्या रुंद भागात आहेत आणि वरच्या मनोऱ्यात कार्यालये आहेत. इमारतीची उंची 160 मीटर असली तरी सुनावणीला येणाऱ्या माणसाला मनोऱ्यात चढावे लागत नाही. आपल्या इमारतीचे आकारमान फार लहान आहे, परंतु तत्त्व तेच : ज्याच्याकडे जास्त माणसे येतात ते जमिनीजवळ ठेवावे.

एक अवांतर. फ्रेंच न्यायालयांत मोठ्या प्रतीक्षादालनाला 'वाया गेलेल्या पावलांचे दालन' असे म्हणतात. नाव कोणी ठेवले माहीत नाही, पण ठेवणाऱ्याने पुढची तारीख मिळेपर्यंत येरझाऱ्या घातलेल्या असणार.

आरेखनमेज

दोघांचेही आभार. 7,500 चा आकडा मागे घेतला आहे. सुनावण्यांच्या वेळांबद्दल न्यायालयाला पत्र पाठवायचे ठरले आहे.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग. दुरेघी यांच्या हिशोबानंतर प्रत्येक न्यायकक्ष किती महाग आहे हे लक्षात आले, म्हणून संख्या नेमकी असणे अधिकच गरजेचे वाटते. आज सहा न्यायाधीश आहेत. वीस वर्षांनी नऊ होतील, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले आहे, परंतु नऊ कशावरून, हे कोणी सांगितलेले नाही. आम्ही नऊ न्यायकक्ष धरावेत का?

मोजपट्टी

नऊ कशावरून, हा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले झाले, कारण अशा तोंडी आकड्यांची किंमत काय असते याचे एक नोंदलेले उदाहरण आहे. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या लेखापरीक्षण यंत्रणेने 2010 मध्ये, 2000 सालापासून पूर्ण झालेल्या 33 संघीय न्यायालय-इमारती तपासल्या. त्यांत मिळून 35.6 लाख चौरस फूट, म्हणजे सुमारे 3.3 लाख चौरस मीटर, जास्तीची जागा आढळली. कारणे तीन निघाली : मंजूर क्षेत्रफळापेक्षा मोठी बांधकामे, भविष्यातील न्यायाधीशांच्या संख्येचा वाढीव अंदाज आणि न्यायकक्ष सामायिक वापरण्याची योजना नसणे. ज्या इमारतींचा दहा वर्षांचा नियोजनकाळ उलटला होता, तिथे 461 न्यायाधीश अपेक्षित होते. प्रत्यक्षात 119 कमी होते. हे अंदाज अनुभवी माणसांनीच केले होते, आपल्याला तोंडी सांगणारे असतील तसेच.

माझी पद्धत अशी आहे की, न्यायाधीश मोजायचे नाहीत, काम मोजायचे. प्रकरणांचे प्रकार पाडावेत आणि प्रत्येक प्रकाराच्या एका प्रकरणाला सुरुवातीपासून निकालापर्यंत न्यायाधीशांची सरासरी किती मिनिटे लागतात, हे काही आठवड्यांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून काढावे. समजा, वर्षाला 3,000 किरकोळ प्रकरणे प्रत्येकी 40 मिनिटांची, 800 मध्यम प्रकरणे प्रत्येकी 180 मिनिटांची आणि 150 मोठे खटले प्रत्येकी 900 मिनिटांचे आहेत. त्यांची मिनिटे अनुक्रमे 1,20,000, 1,44,000 आणि 1,35,000 झाली, बेरीज 3,99,000. एका न्यायाधीशाचे वर्षाचे 215 कामाचे दिवस आणि दिवसाचे सहा तास धरले तर 77,400 मिनिटे होतात. भागाकार 5.15 येतो, म्हणजे सहा न्यायाधीश हे बरोबर आहे. ही संख्या माझी कल्पित आहे, आपली नोंदवहीतून काढा. परंतु यातून जे दिसते ते पाहा. 150 मोठे खटले 3,000 किरकोळ प्रकरणांपेक्षा जास्त वेळ खातात. म्हणून वीस वर्षांत लोकसंख्या किती वाढेल यापेक्षा प्रकरणांचे मिश्रण कसे बदलेल, याला अधिक महत्त्व आहे. किरकोळ प्रकरणे दुप्पट झाली तर दीड न्यायाधीश वाढतील. पण तीच प्रकरणे उद्या कायदा बदलून दंड भरून मिटू लागली, तर आज ज्यांच्यासाठी आपण जागा धरत आहोत ते न्यायाधीश लागणारच नाहीत.

आता न्यायकक्ष. न्यायाधीशाचा सगळा वेळ न्यायासनावर जात नाही. निकालपत्र लिहिणे, कागद वाचणे, दालनातील कामे यांत बराच जातो. 60 टक्के वेळ न्यायकक्षात जातो असे धरले, तर वरच्या उदाहरणात 3.1 न्यायकक्ष पूर्ण वेळ भरलेले राहतील. कोणतीही खोली पूर्ण वेळ भरलेली ठेवता येत नाही, म्हणून 75 टक्के वापर धरला तर 4.1 येतात. म्हणजे सहा न्यायाधीशांना पाच न्यायकक्ष पुरावेत, सहा नव्हेत, आणि नऊ तर नक्कीच नव्हेत. त्या पाचांत सगळे मोठे असण्याचीही गरज नाही. दूरस्थ सुनावणीसाठी मोठ्या न्यायकक्षाऐवजी आवाज बाहेर न जाणाऱ्या, नऊ-दहा चौरस मीटरच्या तीन-चार खोल्या द्याव्यात. नाहीतर 150 चौरस मीटरच्या दालनात एक न्यायाधीश आणि एक पडदा, असे दृश्य दिसते.

उलटतपासणी

मी वकिली करतो. मोजपट्टी यांचे गणित चुकीचे नाही, परंतु त्यात एक गोष्ट मोजलेली नाही, आणि ती मोजता येत नाही म्हणून ती नाहीच, असे मानू नये.

रिकामा न्यायकक्ष नेहमी वाया गेलेला नसतो. एखाद्या दिवाणी दाव्यात पुढील मंगळवारी पुरावा सुरू होणारच, न्यायकक्ष मोकळा आहे आणि न्यायाधीश बसणार आहेत, हे दोन्ही पक्षांना पक्के ठाऊक असते, तेव्हा सोमवारी संध्याकाळी तडजोड होते. मंगळवारी तो न्यायकक्ष रिकामा दिसतो आणि नोंद करणारा त्याला शून्य लिहितो. उलट न्यायकक्ष मिळेल की नाही याचीच शंका असेल, तर ज्याला वेळकाढूपणा करायचा आहे तो तडजोड कशाला करील? अमेरिकेत न्यायकक्ष सामायिक करण्याच्या सूचनेला न्यायाधीशांनी जो विरोध केला त्यात हाच मुद्दा होता. माझे म्हणणे पाचऐवजी सहा करा असे नाही; 75 टक्के वापर हा आकडा फौजदारी आणि दिवाणी कामांसाठी एकच ठेवू नका, एवढेच आहे. तारखा जिथे पक्क्या असतात तिथे मोकळीक जास्त ठेवावी.

दुसरे, माझ्या आशिलाशी बोलायला मला जागा लागते. सगळ्या नकाशांत वकिलांची मोठी खोली असते, जिथे आम्ही एकमेकांशी बोलतो. आशिलाशी बोलायला मात्र जिन्याखालची जागा किंवा बाहेरचे झाड. प्रत्येक न्यायकक्षाच्या दाराजवळ आठ-नऊ चौरस मीटरच्या दोन बंद खोल्या द्या, दोन पक्षांसाठी दोन. पाच न्यायकक्षांच्या दहा खोल्या म्हणजे 90 चौरस मीटर निव्वळ. या एका गोष्टीने मार्गिकेतली निम्मी कुजबुज कमी होईल.

तिसरे, आणि हे संयुक्त इमारतीबद्दल आहे. ज्या तीन खात्यांना आपण जागा देत आहात त्यांपैकी एखादे खाते न्यायालयात पक्षकार म्हणून उभे राहत असेल, तर त्याचे प्रवेशद्वार, लिफ्ट आणि फलक वेगळे ठेवा. सरकारी वकिलांचे कार्यालय तर न्यायाधीशांच्या मार्गिकेला कदापि जोडू नका. सरकारी वकील मागच्या बंद दारातून न्यायकक्षात येतात आणि मी समोरच्या गर्दीतून येतो, हे माझ्या आशिलाने पाहिले की निकाल काहीही लागो, त्याने आपले मत बनवलेले असते. मधली भिंत किती जाड आहे, हे त्याला दिसत नाही. दार कोणाला उघडते ते दिसते.

दुरेघी

उलटतपासणी यांचा तिसरा मुद्दा मी नकाशात एका ओळीने मांडतो : कार्यालयांचा आणि न्यायालयाचा तळमजल्यावरील प्रवेश वेगळा, तपासणीचे दार वेगळे आणि वरच्या मजल्यांवर दोघांना जोडणारे एकही सार्वजनिक दार नाही. कार्यालयांत येणाऱ्या माणसाला एका दाखल्यासाठी क्ष-किरण यंत्राच्या रांगेत उभे करण्याचेही मग कारण उरत नाही. खात्यांच्या खिडक्या तळमजल्यावर एकत्र ठेवा आणि मागे बसणारे कर्मचारी वर जाऊ द्या. खात्यांची जागा मंजूर पदांवरून काढू नका. एका दिवशी प्रत्यक्ष किती जण एकाच वेळी टेबलाशी असतात ते दोन आठवडे मोजा. रजा, दौरे आणि रिक्त पदे वजा होता संख्या बरीच खाली येते.

वीस वर्षांच्या वाढीबद्दल मात्र एक सुचवतो. कार्यालयाचे रूपांतर पुढे न्यायकक्षात करता येत नाही, कारण उंची आणि खांब आड येतात. न्यायकक्षाच्या मापाच्या जागेत कार्यालय मात्र सहज बसते. म्हणून पाच न्यायकक्ष आज पूर्ण करा आणि आणखी दोनांची जागा त्याच उंचीची, तीनही मार्गिका आणि बंद्यांची लिफ्ट शेजारून जाईल अशी बांधून ठेवा, आणि तोपर्यंत तिथे एखादे खाते बसवा. गरज पडली तर ते खाते हलवता येईल. न पडली, तर त्या खात्याला जरा उंच छत मिळाले, इतकेच.

ओळंबा

वाचत होतो, कोणीच कागदांच्या वजनाबद्दल बोलले नाही म्हणून लिहितो. मी संरचना अभियंता आहे.

अभिलेख कक्ष आणि मुद्देमाल कक्ष तक्त्यात फक्त चौरस मीटर म्हणून येतात आणि जिथे कोणाला खिडकी नको असते तिथे, बहुधा वरच्या मजल्यावर किंवा कोपऱ्यात, टाकले जातात. हिशोब करून पाहा. 80 ग्रॅमच्या ए-4 कागदांच्या 500 पानांच्या गठ्ठ्याचे वजन अडीच किलो आणि जाडी सुमारे पाच सेंटिमीटर. म्हणजे घट्ट रचलेल्या फायलींचे एक मीटर म्हणजे 50 किलो. सात फळ्यांच्या एक मीटर रुंद रॅकवर 350 किलो झाले आणि तो रॅक व्यापतो जेमतेम 0.35 चौरस मीटर. दोन रॅकांच्या मध्ये चालण्याची वाट असेल तर वजन पसरते आणि सरासरी दर चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आत राहते. परंतु जागा वाचवण्यासाठी रुळांवर सरकणारी कपाटे बसवली की वाटाच नाहीशा होतात आणि वजन दर चौरस मीटरला एक टनापर्यंत जाते. कार्यालयाचा सामान्य मजला अडीचशे ते चारशे किलोंसाठी आखलेला असतो.

एका जुन्या इमारतीत मला बोलावले होते, ती कुठे होती हे सांगण्याची गरज नाही. तिसऱ्या मजल्यावर कार्यालयाच्या जागी सरकती कपाटे बसवली होती. स्लॅब पडला नव्हता, पण मधे इतका वाकला होता की कपाटे आपोआप घरंगळत खोलीच्या मध्यभागी येऊन थांबत आणि तिथल्या शिपायाने ती जागच्या जागी राहावीत म्हणून चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या होत्या. शेवटी अभिलेख खाली आणावे लागले. म्हणून तक्त्यात क्षेत्रफळाशेजारी एक रकाना भाराचा ठेवा, आणि अभिलेख जमिनीला टेकलेल्या मजल्यावर, पण पाणी साचणार नाही अशा पातळीवर ठेवा. तळघर टाळा. बरेच अभिलेख आता संगणकावर असतील हे मान्य, परंतु मूळ कागद नष्ट करण्याची मुदत प्रत्येक प्रकारासाठी वेगळी असते. ती वाचूनच मीटर मोजा.

आरेखनमेज

अभिलेख कक्ष आमच्या मसुद्यात चौथ्या मजल्यावर होता. उद्या सकाळीच तो खाली आणतो. तक्त्यात आता खोलीच्या नावाशेजारी चार नवे रकाने केले आहेत : एका वेळी किती माणसे, कोणत्या रस्त्याने, उंची आणि भार.

शेवटची एक शंका. न्यायकक्षाचे माप आम्ही 12 गुणिले 15 मीटर धरले आहे. न्यायासन उंचावर असते. चाकांच्या खुर्चीवरील न्यायाधीश किंवा साक्षीदारासाठी उतार करायचा तर तो यात बसतो का?

दुरेघी

बसतो, पण आधीच धरला तर. न्यायासनाचा चौथरा साधारण 450 मिलिमीटर उंच असतो, कारण बसलेल्या न्यायाधीशाचे डोळे उभ्या वकिलाच्या डोळ्यांच्या पातळीला यावेत. एकास बारा या प्रमाणात 450 मिलिमीटर चढायला 5.4 मीटर लांबीचा उतार लागतो, 1.2 मीटर रुंदी आणि दोन्ही टोकांना खुर्ची वळवायला दीड-दीड मीटर धरले, तर दहा चौरस मीटर केवळ त्यातच गेले. तो न्यायकक्षाच्या आत आणू नका. न्यायाधीशांची मागची मार्गिकाच एका ठिकाणी हळूहळू चढवून चौथऱ्याच्या पातळीला आणा, म्हणजे पाचही न्यायासनांवर सपाट जाता येईल आणि उतार एकदाच करावा लागेल. साक्षीदाराची जागा मात्र जमिनीच्या पातळीलाच ठेवा, किंवा फार तर 150 मिलिमीटर उंच, ज्याला 1.8 मीटरचा उतार पुरतो.

आणि 12 गुणिले 15 हे कागदावर पक्के करण्यापूर्वी एखाद्या रिकाम्या गोदामात किंवा पटांगणात खडूने ते आखा, चौथऱ्याच्या जागी प्लायवूडचे खोके ठेवा आणि न्यायाधीश, लिपिक, दोन वकील आणि एक साक्षीदार यांना अर्धा तास तिथे बसवा. साक्षीदाराच्या खुर्चीवर आपण स्वतः बसा आणि उभ्या राहिलेल्या वकिलाच्या खांद्याआड न्यायाधीशांचा चेहरा जातो का, ते पाहा. गेला तर खुर्ची अर्धा मीटर डावीकडे सरकवा आणि पुन्हा बसा.